पालकांस पत्र : एका उपेक्षित गद्यप्रकाराची वंशावळ

मराठीत पत्रवाङ्मयाचा विचार होतो तेव्हा तो बहुधा दोन टोकांना होतो. एका टोकाला इतिहासाची साधने म्हणून जपलेली राजकीय पत्रे, दुसऱ्या टोकाला साहित्यिकांची खासगी पत्रे. या दोहोंच्या मधे एक मोठा प्रदेश पडून आहे. संस्थेच्या प्रमुखाने संस्थेशी बांधल्या गेलेल्या माणसांना लिहिलेली पत्रे या प्रदेशात येतात आणि त्यांच्याकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची सवय आपल्याला नाही. कॅथलिक शाळेच्या मुख्याध्यापकांकडून पालकांच्या घरी येणारे पत्र हा त्यातलाच एक नमुना. मुंबई, वसई, पुणे, गोवा या भागांत ज्यांची मुले अशा शाळांतून शिकली त्यांना ते चांगले परिचयाचे असेल. फी भरण्याची अखेरची तारीख, सहामाही परीक्षेचे वेळापत्रक, पावसाळी बुटांविषयीची सूचना, क्रीडास्पर्धांचे निकाल. आणि मग, कोणतीही पूर्वसूचना न देता, उपवासकाळाविषयी, क्षमेविषयी किंवा नुकत्याच वारलेल्या एखाद्या वृद्ध शिक्षकाविषयी एक परिच्छेद. फीच्या तारखेनंतर आत्म्याची गोष्ट! वाचणाऱ्याला हा सांधा खटकत नाही, कारण त्याला त्याची सवय झालेली असते. पण माहिती आणि मनन यांचे हे मिश्रण आपोआप झालेले नाही. त्याला सुमारे पावणेपाचशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात एक न सुटलेला पेच आहे. कुटुंबांना काय सांगायचे आणि काय आपल्यापाशी ठेवायचे, हा तो पेच.

या वंशावळीचा मूळपुरुष म्हणून आम्ही इग्नेशिअस लॉयोला यांचे नाव घेऊ. येशूसंघाला पोपची मान्यता १५४० साली मिळाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १० डिसेंबर १५४२ रोजी, इग्नेशिअस यांनी रोमहून आपला पॅरिसच्या विद्यार्थिदशेपासूनचा सोबती पिएर फाव्र यास एक पत्र लिहिले. फाव्र तेव्हा जर्मनीत होता. पत्राचा विषय एकच आहे : पत्र कसे लिहावे. तक्रार अशी की, रोममधले हितचिंतक संघाच्या लोकांची पत्रे पाहावयास मागतात. न दाखवावीत तर ते दुखावतात, दाखवावीत तर त्यांत नको त्या गोष्टी मिसळलेल्या असतात. यावर इग्नेशिअस यांनी काढलेला तोडगा नमुनेदार आहे. प्रत्येकाने एक मुख्य पत्र लिहावे, जे कोणासही दाखवता येईल. त्यात वाचणाऱ्याच्या मनाला उभारी देणारा मजकूर असावा. ते एकदा लिहून, तपासून, पुन्हा लिहावे. बाकी सगळे, म्हणजे आजारपण, पैसा, कोणाशी बिनसले, कोणाविषयी शंका आहे, ते वेगळ्या चिठ्ठ्यांवर. चिठ्ठ्या घाईने लिहिल्या, मनात येईल तशा लिहिल्या तरी चालेल. मुख्य पत्र मात्र तसे चालणार नाही. लिहिलेले टिकते आणि कायम साक्ष देत राहते, बोललेल्याप्रमाणे ते मागाहून सावरून घेता येत नाही, हे कारणही त्यांनी दिले आहे. आपण स्वतः मुख्य पत्र दोनदा लिहितो, हेही सांगितले आहे.

पेशवेकालीन कागदपत्रे चाळलेल्या वाचकांस येथे ‘पुरवणी’ची आठवण होईल. मूळ पत्र रीतसर मायन्यासह आणि आतली गोष्ट पुरवणीत, ही पद्धत आपल्याकडेही होती. फरक असा की आपल्याकडे तो राजकारणातला सावधपणा होता, येशूसंघाने त्याचे शिस्तीत रूपांतर केले. १५४७ साली हुआन दे पोलांको हे संघाचे चिटणीस झाले आणि पत्रलेखनाला नियम लागले. पुढच्याच वर्षी सिसिलीतल्या मेसिना येथे बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी संघाचे पहिले कॉलेज निघाले. शाळा चालवणे हे या संघाच्या मूळ बेतात नव्हते. पण पन्नास वर्षांत तेच त्याचे मुख्य काम झाले, आणि १५९९ साली ‘रॅशिओ स्टुडिओरम’ हा अभ्यासक्रम व अध्यापन यांचा नियमग्रंथ सर्व कॉलेजांना लागू झाला. कॉलेजच्या प्रमुखास रेक्टर म्हणत. रेक्टरने ठराविक मुदतीने वरिष्ठांना लिहावयाचे, आणि सर्व ठिकाणांच्या हकिकती एकत्र करून ‘वार्षिक पत्रे’ तयार व्हावयाची, असा परिपाठ पडला. विद्यार्थी किती, कोणते नाटक बसवले, साथीत कोण दगावले, कोणाचे मन पालटले, हा त्यातला मजकूर. आजच्या शाळेच्या वार्षिक अहवालाचे हे पणजोबा म्हणावयास हरकत नाही. चेहरेपट्टी तीच आहे : आकडे आहेत, आनंद आहे, अधूनमधून बोधही आहे, अपयश मात्र जवळजवळ नाही. ते चिठ्ठीवर गेले.

मराठी वाचकाला या परंपरेतला एक माणूस फार जवळचा आहे. ‘क्रिस्तपुराण’कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे काही काळ साष्टीतल्या येशूसंघीय कॉलेजचे रेक्टर होते. ते कवी म्हणून आपल्या अभ्यासक्रमात येतात, शाळाप्रमुख म्हणून येत नाहीत, आणि पत्रलेखक म्हणून तर फारच थोड्यांना ठाऊक असतात. विल्टशायरमधला हा इंग्रज ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेल्या पाच जहाजांच्या ताफ्यातून २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचला, आणि सतराच दिवसांनी, १० नोव्हेंबरला, त्याने लंडनच्या आपल्या वडिलांना पत्र लिहिले. हे पत्र पुढे हॅक्लुइटच्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात छापले गेले. रेक्टर होण्याच्या कितीतरी आधीचे हे पत्र आहे, आणि त्याचा रोख उलटा आहे : शाळेकडून कुटुंबांकडे नव्हे, तर धर्मसंघात गेलेल्या मुलाकडून स्वतःच्या घराकडे. त्यात तुताऱ्या आणि तोफांच्या गजरात बंदर सोडणारी जहाजे आहेत, गिनीच्या किनाऱ्याजवळ वाऱ्यावाचून खोळंबलेले दिवस आहेत, हिरड्या सुजवणारा आणि अंग फुगवणारा समुद्रावरचा आजार आहे. दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस मेली, आणि एरवीच्या मानाने ही हानी थोडीच समजतात, असे तो वडिलांना कळवतो! मुख्य पत्र आणि चिठ्ठी असा भेद करण्याचे येथे त्याला सुचलेले दिसत नाही. बापाला लिहिताना मुलगा सगळे सांगून टाकतो.

चार वर्षांनी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, भावाला लिहिलेले लॅटिन पत्र मात्र वेगळे आहे. मराठी-कोकणीच्या अभ्यासकांना त्यातला एक लहानसा भाग माहीत असतो : येथील भाषांचे उच्चार गोड आहेत आणि त्यांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे, हे निरीक्षण. भाषांच्या नात्याविषयीचा एक आरंभीचा उद्गार म्हणून भाषाशास्त्राच्या इतिहासात ते सांगितले जाते. परंतु त्या पत्राला त्याच वर्षीच्या कुंकळ्ळीच्या घटनेचे सावट आहे. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी रुडॉल्फ अक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीयांना ठार मारले. साष्टीतली देवळे पाडली गेली होती, हा त्या रागाचा उगम. स्टीफन्स यांनी आपल्या सोबत्यांच्या मृत्यूची हकिकत हौतात्म्याची कथा म्हणून सांगितली. देवळांच्या बाजूने काय वाटत होते हे त्या पत्रात शोधू नये. भावाला लिहिलेल्या पत्रातही आता मुख्य पत्राचा नियम शिरलेला आहे. पुढे १६०८ साली याच माणसाने रोमला, संघाच्या प्रमुखास लिहून देशी लिपीत ग्रंथ छापण्यासंबंधी विनंती केली. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले ते रोमन लिपीत, यावरून त्या विनंतीचे काय झाले ते कळतेच. मराठी मुद्रणाचा इतिहास दीडदोनशे वर्षांनी मागे सरकला असता, अशी हळहळ या ठिकाणी वाटल्यावाचून राहत नाही. पण तो विषय निराळा.

येथून आम्ही एकदम एकोणिसाव्या शतकातल्या तुरीन शहरात येतो. मधल्या काळात येशूसंघ १७७३ साली बरखास्त झाला, १८१४ साली पुन्हा उभा राहिला. नव्या शिक्षणसंस्था काढणारे अनेक संघ निघाले, ‘कॉन्व्हेंट’ हा जोगिणींच्या मठाचा शब्द सगळीकडे शाळांना चिकटला आणि मराठीत तर तो कोणत्याही इंग्रजी शाळेचे सामान्यनाम झाला. पण पत्राच्या घडणीत खरा बदल केला तो जिओव्हान्नी बॉस्को या पिएमोंतच्या शेतकऱ्याच्या मुलाने. हेच डॉन बॉस्को. माटुंग्याच्या शाळेमुळे हे नाव मुंबईकरांच्या तोंडी आहे; ते व्यक्तिनाम आहे आणि ‘डॉन’ म्हणजे इटालियनमध्ये धर्मगुरूच्या नावामागे लावायचे आदरार्थी पद, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

बॉस्को यांचा जन्म १८१५ सालचा. दोन वर्षांचे असताना वडील गेले. १८४१ साली धर्मगुरू झाल्यावर तुरीनच्या रस्त्यांवर कामधंद्यासाठी आलेली, ना घर ना शाळा अशी मुले त्यांनी जमवण्यास सुरुवात केली, आणि १८४६ साली वाल्दोक्को या उपनगरातल्या एका शेडमध्ये त्यांना जागा मिळाली. त्याच वर्षी त्यांच्या आई, मार्गेरिता, गाव सोडून मुलांचे करावयास तेथे येऊन राहिल्या; १८५६ साली मरेपर्यंत त्या तेथेच होत्या. पहिल्या मुक्कामी आलेल्या अनाथ मुलाला झोपण्यापूर्वी या मातेने चार शब्द सांगितले आणि तेथून ‘शुभरात्री’ची प्रथा पडली, असे परंपरा सांगते. परंपरेची गोष्ट बाजूला ठेवली तरी प्रथा खरी आहे. १८७७ साली आपल्या शिक्षणपद्धतीविषयी लिहिलेल्या छोट्या निबंधात बॉस्को यांनी तिचा नियमच घालून दिला : रात्रीच्या प्रार्थनेनंतर, मुले झोपावयास जाण्यापूर्वी, प्रमुखाने त्यांच्याशी मायेने थोडे बोलावे, दिवसभरात शाळेत किंवा बाहेर जे घडले त्यातून काय करावे, काय टाळावे हे सांगावे, आणि हे बोलणे दोन-तीन मिनिटांपलीकडे कधीही जाऊ नये.

या एका नियमात आमच्या गद्यप्रकाराची सगळी घडण सापडते. दिवसाची बातमी आणि त्यावरचे मनन. बोलणारा प्रमुख, पण आवाज घरातल्या वडीलधाऱ्याचा. आणि लांबीला सक्त मर्यादा. (ही शेवटची अट उत्तराधिकाऱ्यांनी फारशी पाळलेली दिसत नाही.) अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजींनी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवले होते, त्याची येथे आठवण होते. दोघांचा परस्परांशी संबंध नाही. पण आई नसलेल्या जागेत आईचे काम कोणत्या वाणीने करावे, हा दोघांपुढचा प्रश्न एकच होता. शिवाय त्याच १८७७ साली बॉस्को यांनी ‘बोलेत्तिनो सालेसियानो’ हे मासिक पत्र सुरू केले आणि संस्थेची बातमी दूरदूरच्या आश्रयदात्यांच्या घरी जाऊ लागली.

बॉस्को यांनी दुसऱ्या मुख्याध्यापकाला केलेला उपदेशही उपलब्ध आहे. १८६३ साली मिरबेल्लो येथे तुरीनबाहेरची पहिली शाळा निघाली. तिचे प्रमुखपद मिकेले रुआ या सव्वीस वर्षांच्या शिष्याकडे गेले, तेव्हा त्याला त्यांनी एक पत्र दिले. आईबापांनी परगावी निघालेल्या मुलाला सांगावे तसे ते आहे. कशानेही अस्वस्थ होऊ नकोस. जेवणात अघोरी काटकसर करू नकोस. रोज रात्री निदान सहा तास झोप. मुलांनी भ्यावे यापेक्षा त्यांनी प्रेम करावे असा प्रयत्न कर. हे पत्र नंतर सगळ्या प्रमुखांसाठी सामान्य करण्यात आले. पण झोपेचा आणि जेवणाचा उल्लेख ज्यात आहे ते पत्र मुळात एकट्या माणसासाठी लिहिलेले असते, हे लपत नाही.

आता १८८४ सालच्या पत्राकडे येऊ. बॉस्को अडुसष्ट वर्षांचे होते, प्रकृती ढासळली होती आणि रोममध्ये एका नव्या मंदिराच्या बांधकामासाठी पैसे जमवण्याच्या खटपटीत होते. तेथून १० मे १८८४ या तारखेचे पत्र वाल्दोक्कोला गेले. पत्रात एक स्वप्न आहे. दोन जुने विद्यार्थी, एक वाल्फ्रे आणि दुसरा बुझेत्ती, भेटतात आणि शाळेचे अंगण दाखवतात. पहिले अंगण १८७० पूर्वीचे. मुले धावताहेत, चेंडू खेळताहेत, एका कोपऱ्यात कोणी धर्मगुरू गोष्ट सांगतो आहे आणि मुले तोंडे उघडी टाकून ऐकताहेत. दुसरे अंगण आत्ताचे. मुले खांबांना टेकून उभी आहेत, कंटाळा, संशय, कुजबुज, आणि शिक्षक? ते आपापसांत बोलत येरझाऱ्या घालताहेत, मुलांकडे त्यांचे लक्ष नाही. बॉस्को स्वप्नातच वाद घालतात : माझे लोक या मुलांसाठी मरमर मरतात, त्यांच्यावर प्रेम करतात. उत्तर येते की एवढे पुरेसे नाही. आपल्यावर प्रेम केले जात आहे हे मुलांना कळले पाहिजे. जो फक्त वर्गातल्या टेबलाशी दिसतो तो शिक्षक असतो आणि त्यापलीकडे कोणी नसतो. जो अंगणात मुलांमध्ये येतो तो भावासारखा होतो. मुलांना जे आवडते ते तुम्ही आवडून घ्या, म्हणजे मुलांना जे मुळात आवडत नाही, अभ्यास आणि शिस्त, ते ती तुमच्याकडून आवडून घेतील.

साहित्याच्या विद्यार्थ्याने या पत्रात दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली कर्तृत्वाची. पत्र बॉस्को यांच्या हस्ताक्षरात नाही. शब्दांकन जिओव्हान्नी बात्तिस्ता लेमोयने या चिटणिसाचे आहे. स्वप्न कोणाचे, शब्द कोणाचे, आणि आजारी वृद्धाच्या तोंडून आलेल्या गोष्टीला डौल कोणी दिला, हे वेगळे काढणे कठीण आहे. सालेशियन अभ्यासक पिएत्रो ब्राइदो यांनी पत्राच्या पाठांची चिकित्सा केली, ती याच कारणाने महत्त्वाची. दुसरी गोष्ट आमच्या विषयाच्या गाभ्याची. या पत्राचे पाठ दोन आहेत. एक मोठा, शिक्षकांसाठी. एक लहान, मुलांना वाचून दाखवण्यासाठी. लहान पाठात स्वप्न आहे, माया आहे, मुलांना चांगले वागण्याची विनवणी आहे. शिक्षक अंगणात येत नाहीत, वेगळे उभे राहतात, थंड नियमांनी मुलांची मने दुरावतात, हा मोठ्या पाठाचा कणा. तो मुलांपुढे वाचण्याजोगा मानला गेला नाही. म्हणजे साडेतीनशे वर्षांनी, दुसऱ्याच संघात, पुन्हा इग्नेशिअस यांचीच व्यवस्था : दाखवण्याजोगे पत्र आणि आतली चिठ्ठी. यातला विरोधाभास असा की कालांतराने चिठ्ठीच अजरामर झाली. आज १८८४ चे पत्र म्हणून जो पाठ वाचला जातो, संघाच्या नियमग्रंथासोबत छापला जातो, तो मोठा पाठ आहे. मुलांचा पाठ आता अभ्यासकांपुरता उरला.

मुलांना ते दुसरे पत्र वाचून दाखवले असते तर काय झाले असते? शिक्षकांचा धाक गेला असता, हे उघड उत्तर. आमचे मत असे की धाक जाण्याच्या भीतीपेक्षा येथे एक खोलवरची समजूत काम करते : संस्था हे कुटुंब आहे, आणि कुटुंबातल्या वडिलांची चूक मुलांपुढे काढावयाची नसते. बॉस्को यांच्या पद्धतीचे सारे सौंदर्य या कुटुंबकल्पनेत आहे आणि तिचा धोकाही तिथेच आहे. घर म्हटले की चार भिंती आल्या.

या भिंतीला पहिला मोठा धक्का दिला तो तुरीनपासून काही शे किलोमीटरवरच, तोस्कानातल्या डोंगरात. लोरेन्झो मिलानी हे फ्लॉरेन्सच्या सुखवस्तू घराण्यातले धर्मगुरू. वरिष्ठांना गैरसोयीचे झाल्यामुळे डिसेंबर १९५४ मध्ये त्यांची रवानगी बार्बियाना या डोंगरावरच्या विरळ वस्तीत झाली. तेथे त्यांनी शेतकऱ्यांच्या, सरकारी शाळेने नापास करून बाहेर टाकलेल्या मुलांची शाळा भरवली. तीही वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. त्या शाळेतल्या आठ मुलांनी मिळून वर्षभर खपून ‘लेत्तेरा आ उना प्रोफेस्सोरेस्सा’ हे पुस्तक लिहिले. ते मे १९६७ मध्ये निघाले आणि महिन्याभरातच, २६ जून रोजी, मिलानी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कर्करोगाने वारले. मराठी वाचकांनी हे पुस्तक ‘प्रिय बाई’ या नावाने वाचले आहे, आणि शिक्षणाविषयी आस्था असणाऱ्या आपल्याकडच्या अनेकांच्या कपाटात ते असते.

आपल्याकडे हे पुस्तक एका शिक्षिकेला खडसावणारे पत्र म्हणून वाचले जाते आणि ते नावाला धरूनच आहे. पण आरंभीच्या टिपणात मुले स्पष्ट सांगतात की हे पुस्तक शिक्षकांसाठी नसून आईबापांसाठी आहे, त्यांनी संघटित व्हावे यासाठी आहे. पत्राचा पत्ता एक आणि वाचक दुसरा! मुख्याध्यापकांच्या पत्राची सगळी यंत्रणा येथे उलटी फिरवली आहे. तेथे शाळा पालकांना सांगते की आपला मुलगा कसा आहे. येथे मुले पालकांना सांगतात की शाळा कशी आहे. तेथे आकडे यशाचे असतात. येथे पानोपानी तक्ते आहेत ते गळतीचे. कोण नापास झाले, त्यांचे बाप काय करत होते, वर्षागणिक वर्गातून कोण नाहीसे झाले. १९६२ च्या कायद्याने इटलीत चौदा वर्षांपर्यंतची माध्यमिक शाळा सर्वांसाठी एक झाली होती. तरीही जान्नी गळतो आणि डॉक्टरांचा पिएरिनो पुढे जातो, हे ती मुले हिशेबाने दाखवतात. चिठ्ठीवर जाणारा मजकूर त्यांनी मुख्य पत्र म्हणून छापला.

त्यांचे ‘आम्ही’ही वेगळे आहे. मुख्याध्यापकांच्या परिपत्रकातले ‘आम्ही’ हे एकाच माणसाने संस्थेचा अंगरखा घालून उच्चारलेले असते. (समीक्षकांचे ‘आम्ही’ही फार निराळे नसते, हे आम्ही जाणतो.) बार्बियानाच्या पुस्तकात ‘मी’ म्हणून बोलणारा मुलगा प्रत्यक्षात आठ जण आहेत. प्रत्येकाने चिठोऱ्यांवर मुद्दे लिहायचे, सारख्या मुद्द्यांचे ढीग लावायचे, मग एकेक वाक्य सगळ्यांनी मिळून घासायचे, अशी ती रीत. या रीतीत मिलानी यांचा हात किती, हा वाद आहे, आणि तो लेमोयनेच्या वादाचा सख्खा भाऊ आहे. आम्हांला तो फार मोलाचा वाटत नाही. चिठोऱ्यांचे वाक्य होताना जे गळते आणि जे उरते, त्यात लिहिण्याचे शिक्षण आहे, आणि ते त्या मुलांनी घेतले हे पुस्तकाच्या प्रत्येक वाक्याच्या कसावरून दिसते.

शेवटचे पत्र बर्लिनचे. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ साली ज्या जर्मन येशूसंघीयांनी काढले, त्यांच्याच जर्मन बांधवांनी चालवलेल्या शाळांपैकी बर्लिनचे कानिझिउस-कोलेग ही एक नावाजलेली शाळा. क्लाउस मेर्टेस हे २००० पासून तिचे रेक्टर होते. जानेवारी २०१० मध्ये तीन माजी विद्यार्थी त्यांना भेटावयास आले. सत्तर-ऐंशीच्या दशकांत शाळेतल्या दोन धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांची हकिकत त्यांनी सांगितली आणि असे किती जण असतील याचा अंदाज दिला. मेर्टेस यांनी २० जानेवारी रोजी त्या काळातल्या सुमारे सहाशे माजी विद्यार्थ्यांना पत्र पाठवले. अत्याचार तुरळक नव्हते, वर्षानुवर्षे चालू होते. ज्यांनी पाहावयास हवे होते त्यांनी दुसरीकडे पाहिले. हे मौन मोडले पाहिजे. आणि शाळेच्या वतीने क्षमा, असा त्याचा आशय. २८ जानेवारीला ते एका बर्लिनच्या दैनिकात आले.

या पत्राला वाङ्मयीन म्हणावे असे त्यात काही नाही. ते छोटे आहे, कोरडे आहे. पण शाळेची बातमी, तिच्यावरचे मनन आणि ज्यांची ती शाळा होती त्या माणसांना केलेले संबोधन, हे आपले तिन्ही घटक त्यात आहेत. आणि दाखवण्याजोगे व न दाखवण्याजोगे हा १५४२ पासूनचा भेद त्यात नाही. इग्नेशिअस यांच्याच संघातल्या रेक्टरने, इग्नेशिअस यांच्या त्या एका नियमाबाहेर जाऊन ते लिहिले. लिहिलेले कायम साक्ष देत राहते, हे मूळपुरुषाचे दुसरे वाक्य मात्र त्याने अक्षरशः पाळले. स्वकीयांपैकी काहींनी त्यांना घरभेदी ठरवले. २०२१ साली जर्मन राष्ट्राध्यक्षांनी त्यांना, आणि भेटावयास आलेल्या त्या माजी विद्यार्थ्यांपैकी एकाला, सन्मानपदक दिले.

पत्र गेल्यानंतर काही आठवड्यांतच येशूसंघाच्या जर्मनीतल्या शाळांमधले शंभरावर माजी विद्यार्थी पुढे आले आणि इतर संघांच्या शाळांतूनही तशाच हकिकती येऊ लागल्या. मुख्याध्यापकांच्या पत्राला एरवी उत्तर येत नाही. पालक ते वाचतात, सही करतात आणि मुलाच्या दप्तरातून परत पाठवतात. या पत्राला आलेली उत्तरे तीस-तीस वर्षे कोणाच्या तरी घरात न लिहिता पडून होती.